‘ये’ म्हणायचं राहून गेलं

ताई, नमस्कार.

मी ३३ वर्षांची, नवरा ३५ चा. लग्नाला सात वर्षं झाली. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ आमचा टू बीएचके आहे. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. मी ऐरोलीला आयटीत, तो अंधेरीला. मूल नाही. गेल्या श्रावणात आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं. मोठं भांडण असं झालंच नाही. तो म्हणाला, “आपण रूममेट झालोय गं,” आणि मी “हो” म्हणाले. त्याच्या महिनाभर आधी माझे बाबा चिपळूणला हॉस्पिटलमध्ये होते. तेव्हा तो आला नाही, पैसे पाठवले. मी फोनवर म्हणाले होते, “नको येऊस, मी बघते.” पण ये म्हणायची वेळच का यावी? ते माझ्या मनातून जात नाही.

वेगळं व्हायचं ठरलं, पण घर कुणी सोडायचं? हप्ता ५८ हजार आहे. आता तो छोट्या खोलीत, मी बेडरूममध्ये. सहा महिने झाले. सकाळी तो आधी उठतो, चहा करतो आणि माझा कप ओट्यावर बशीने झाकून ठेवतो. दिवाळीत सासूबाई डोंबिवलीहून चार दिवस राहायला आल्या. त्यांना यातलं काही माहीत नाही. तो उशी घेऊन बेडरूममध्ये आला. त्या चार दिवसांत आम्ही इतके हसलो, की मलाच वाटलं सगळं ठीक झालं. भाऊबीज झाल्यावर तो त्यांना सोडून आला, उशी उचलली आणि परत छोट्या खोलीत गेला.

ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तुमचं अगदी पिक्चरसारखं चाललंय, शेवटी एकत्रच येणार बघ. तिने मला तसले सिनेमे सुचवलेत, वेगळं होताना एकाच घरात राहणाऱ्या जोडप्यांचे. मी रात्री हेडफोन लावून बघते. खरंच असं होतं का ताई? दुसरी एकजण म्हणते, एका घरात राहिलात तर घटस्फोट मिळणारच नाही. सासूबाई पाडव्याला पुन्हा येतायत. मला तो परत हवाय की एकटं राहायची भीती वाटते, तेच कळेनासं झालंय.

— एक वाचक, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे: ‘नको येऊस, मी बघते.’ त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी सिनेमांचं बोलू. भिंतीपलीकडे नवरा झोपलेला असताना तू ते बघतेस आणि सकाळी उठून झाकलेल्या कपात त्यांचा शेवट शोधतेस. त्यामुळे त्यांना बाजूला टाकून पुढे जाता येणार नाही.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात, आणि ते आजकालचे नाहीत. १९३७ साली हॉलिवूडमध्ये ‘द ऑफुल ट्रुथ’ आला. केरी ग्रँट आणि आयरीन डन हे नवरा-बायको. दोघं कोर्टात जातात, कुत्रा कुणाकडे राहणार यावरून वाद घालतात. घटस्फोट पक्का व्हायला नव्वद दिवस असतात आणि त्या नव्वद दिवसांत एकमेकांची नवी लग्नं मोडायच्या खटपटी करतात. शेवटची रात्र दोघं एका घरात, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत काढतात. मधलं दार नीट बसत नाही, वाऱ्याने सारखं उघडतं. बारा वाजले की लग्न संपणार, आणि बाराच्या आत दोघं परत एक होतात. दिग्दर्शक लिओ मॅकेरी यांना त्या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं.

त्या काळी अमेरिकेत सिनेमांना नीतीचे कडक नियम होते, १९३४ पासून तर ते सक्तीने पाळावे लागत. लग्नाबाहेरचं प्रेम रंगवून दाखवायची सोय नव्हती. मग नवरा-बायकोलाच वेगळं करायचं आणि त्यांनाच पुन्हा एकमेकांच्या प्रेमात पाडायचं, ही वाट लेखकांना सापडली. मत्सर दाखवता येतो, लाडीगोडी दाखवता येते आणि शेवटी सगळं नियमात बसतं. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ साली अशा सिनेमांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यांना पुनर्विवाहाच्या विनोदिका म्हटलं.

आता ते दार बघ. ते न लागणारं दार लेखकाने मुद्दाम तिथे बसवलेलं आहे. दोघांना एकत्र आणायचं त्याचं आधीच ठरलेलं असतं, म्हणून तो वारा सोडतो. तुमच्या छोट्या खोलीचं दार तसं नाही. ते नीट लागतं आणि सहा महिने रोज रात्री लागतंय.

आपल्याकडे २०२३ साली लक्ष्मण उतेकरांचा ‘जरा हटके जरा बचके’ आला, तो तुझ्या मैत्रिणीच्या यादीत नक्की असणार. इंदूरचं जोडपं, भरलेलं घर, दोघांना स्वतःचा कोपरा नाही, म्हणून सरकारी योजनेतलं घर मिळवायला खोटा घटस्फोट. त्यातली एक गोष्ट मला फार खरी वाटते: आपल्याकडे लग्नाच्या गोष्टीत जागा हे तिसरं पात्र असतं. ठाण्यात, डोंबिवलीत, नेरूळला, कुठेही विचार. पण त्या दोघांना घर हवं होतं म्हणून ते वेगळं झाल्याचं नाटक करत होते. तुम्ही वेगळे झालात आणि घर आहे म्हणून एकत्र असल्याचं नाटक करताय. हे उलट आहे, आणि जास्त थकवणारं आहे. दिवाळीचे चार दिवस आठवून बघ.

‘द वॉर ऑफ द रोझेस’ मात्र तिने सुचवला नसावा. १९८९ चा. घर कुणीच सोडत नाही, घराचे भाग पाडले जातात आणि शेवट दोघांच्या मरणात होतो. तो आत्ता बघू नकोस.

यादीतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २००६ चा ‘द ब्रेक-अप’. शिकागोत दोघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. जेनिफर ॲनिस्टन आणि व्हिन्स वॉन यांचं नातं तुटतं आणि फ्लॅट कुणीच सोडत नाही. तो बाहेरच्या खोलीत पूल खेळायचं टेबल आणून ठेवतो. ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या पुरुषांबरोबर बाहेर जाते, त्याचा जीव जळावा म्हणून. प्रेक्षक हसतात, मीही हसले. पण भांडण सुरू कशावरून होतं ते आठव. दोन्हीकडची माणसं जेवायला येणार असतात. तिने बारा लिंबं आणायला सांगितलेली असतात आणि तो तीन आणतो. जेवणं झाल्यावर ती म्हणते, भांडी घासायला मदत कर. तो कुरकुर करत उठतो, तर ती म्हणते, असं नको, तुला स्वतःहून करावंसं वाटायला हवं. त्याला हे कळतच नाही. भांडी घासावीशी कुणाला वाटतील, असा त्याचा प्रश्न.

हा प्रसंग पाहिला की मला आपल्याकडची किती घरं आठवतात. आणि तुझं पत्र वाचताना तर चिपळूणचं हॉस्पिटलच दिसलं. बाबा आत, तू बाहेरच्या बाकावर, फोन कानाला. तो विचारतो, येऊ का? तू म्हणतेस, नको येऊस, मी बघते. आणि फोन ठेवल्यावर मनात म्हणतेस, त्याने यायलाच हवं होतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. बाप आजारी असताना नवऱ्याने न विचारता पुढच्या गाडीत बसावं, ही अपेक्षा रास्त आहे. माझीही तीच असती. त्याने यायलाच हवं होतं. पण तुझा ‘नको’ त्याने खरा मानला, हेही तितकंच खरं आहे. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने विचारलं, तू नको म्हणालीस, त्याने जमतील ते पैसे पाठवले. तुझ्या बाजूने बघितलं तर तो आला नाही. सात वर्षांच्या संसारात अशा किती ‘नको’चे हिशेब दोघांच्या दोन वहीत वेगवेगळे लिहिले गेले असतील. महिन्याभराने तो “रूममेट झालोय” म्हणाला, तेव्हाही तू “हो” म्हणालीस. त्या ‘हो’च्या आत काय होतं? मला तर वाटतं, त्याने “नाही गं, असं नको” म्हणावं याची तू वाट बघत होतीस. आणि कदाचित तोही तुझ्याकडून तेच ऐकायला थांबला होता. मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नाही, आणि सहा महिने एका छताखाली राहून माहीत झालेलं नाही, हे महत्त्वाचं.

‘द ब्रेक-अप’च्या शेवटाकडे एक संध्याकाळ येते. तो घर स्वच्छ करतो, स्वयंपाक करतो, मनापासून माफी मागतो. तिला जे हवं होतं ते सगळं. आणि ती सांगते, की आता तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही. आधी एका गाण्याच्या कार्यक्रमाला तिने त्याला बोलावलेलं असतं, शेजारची खुर्ची रिकामी राहते, ती घरी येऊन रडते. तिच्या सगळ्या युक्त्या तो परत यावा म्हणून होत्या, पण “मला तू हवा आहेस” हे तिने त्याला वेळेवर सांगितलं नाही, आणि त्याने बघितलं नाही. फ्लॅट विकला जातो. पुढे कधीतरी दोघं रस्त्यात भेटतात, हसून बोलतात, सिनेमा संपतो. घराने त्यांना जवळ आणलं नाही. उलट एका घरात असल्यामुळे दोघं युक्त्यांवर युक्त्या करत राहिले. तो पुन्हा बघणार असलीस तर त्या रिकाम्या खुर्चीसाठी बघ.

आता झाकलेला कप.

तो बशी ठेवतो म्हणजे त्याच्या मनात तू आहेस का? असशील. सात वर्षं हाताला लागलेली सवय असेल. तुझ्याबद्दलची काळजी असेल आणि तरीही एकत्र राहायचं नसेल. चांगल्या माणसाच्या हातून वेगळं होतानाही चहा झाकला जातो. त्या बशीवरून तू जे वाचशील ते तुझंच असेल.

हे मी अनुभवावरून सांगतेय. २००४ साली मीही पाच महिने अशाच घरात राहिले. चरईत भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि करार मे अखेरपर्यंत होता. आम्ही दोघांनी शांतपणे ठरवलं होतं, मेपर्यंत काढू. वाण्याची यादी मीच लिहायची. त्याला भाकरीबरोबर तिळाची चटणी लागायची, म्हणून दर महिन्याला मी यादीत ‘तीळ, पाव किलो’ लिहीत राहिले. तो तोवर रात्री बाहेर जेवून यायला लागला होता. मला वाटायचं, आपण अजून त्याच्यासाठी तीळ आणतोय म्हणजे काहीतरी शिल्लक आहे. मे महिन्यात सामान बांधताना फडताळाच्या वरच्या फळीवर तिळाच्या पाच पुड्या निघाल्या, वाण्याचा दोरा तसाच बांधलेला. एकही उघडली नव्हती. चटणी करायलासुद्धा मी त्या काढल्या नव्हत्या. मी त्याला एकदाही विचारलं नाही, की आज घरी जेवशील का. मी नुसती यादी लिहीत होते.

त्याने काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. आम्ही वेगळे झालो, आणि ते बरोबरच होतं असं आज वाटतं. पण ते पाच महिने मी तिळावर काढले, याचं वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं असं, की घराकडून उत्तर मागणं थांबव. आधी तुला काय हवंय ते शोध, आणि मग ते त्याला शब्दांत सांग.

पहिल्यासाठी तुला थोडं लांब जावं लागेल. तू लिहितेस, तो हवाय की एकटेपणाची भीती, कळत नाही. कसं कळेल? तू एकटी राहिलीच नाहीस. भिंतीपलीकडे त्याच्या पंख्याचा आवाज येतो, सकाळी चहा तयार असतो. एक महिना ऐरोलीत ऑफिसजवळ पेइंग गेस्ट म्हणून राहा. एका खाटेचं महिन्याचं भाडं तुमच्या हप्त्यापुढे काहीच नाही, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रोज ठाणे स्टेशन गाठायची कटकटही वाचेल. सामान फार नेऊ नकोस. पहिला आठवडा वाईट जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बघ, तुला नेमकी कशाची आठवण येते. तयार चहाची, आपल्या बेडरूमच्या खिडकीची, रात्री घरात कुणीतरी आहे या आधाराची, की त्याच्या बोलण्याची, त्याच्या वेडेपणाची, त्याची? हा फरक अंतरावरून दिसतो, एका घरात दिसत नाही.

पण एक अट आहे. त्याला तुझी आठवण यावी म्हणून जाऊ नकोस. जाताना त्याला खरं कारण सांग: “मला नीट विचार करायचाय, महिन्याने बसून बोलू.” तारीख सांगून जा. फोन उचलायचा नाही, स्टेटस टाकून बघायचं, असलं काही करू नकोस. पूल टेबलाची गोष्ट आपण आत्ताच बोललो.

तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीने जे घाबरवलंय, त्याचंही निरसन करते, कारण अर्धवट माहितीने माणसं चुकीच्या घाईत पडतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याचं कलम १३-ब परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं. अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, हे खरं. पण वेगळं राहणं म्हणजे दोन पत्ते असायलाच हवेत असं नाही. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं, की नवरा-बायको म्हणून न राहणं म्हणजे वेगळं राहणं. परिस्थितीमुळे दोघं एका छताखाली असूनही वेगळे राहत असू शकतात, आणि दोन घरांत राहूनही नवरा-बायको असू शकतात. तुमच्यासारख्या हप्त्यात अडकलेल्या जोडप्यांना हा निकाल ठाऊक असायला हवा.

अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं, आणि पहिल्या अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची असते. मधल्या काळात कुणीही मन बदलू शकतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की काही अटी पूर्ण होत असतील आणि एकत्र यायची आशा उरली नसेल, तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं. म्हणजे कायद्याने तुमच्यासाठी दारही ठेवलंय आणि विचाराला वेळही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यापुढे बसायला लाजू नका. दिवाळीच्या चार दिवसांबद्दल वकिलाला जसं घडलं तसंच सांग, काही लपवू नकोस.

कोर्टापर्यंत जायचं की नाही हे नंतरचं. फ्लॅटचं मात्र कसंही झालं तरी बोलावं लागेल. कर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणजे बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण रकमेला बांधील आहात. घटस्फोटाच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, हप्ता चुकला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचा खराब होतो. एकाने घर ठेवायचं ठरवलं तर बँक त्या एकट्याच्या पगारावर कर्ज झेपतं का ते नव्याने तपासेल, तिच्या संमतीशिवाय नाव निघणार नाही. एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला बक्षीसपत्राने द्यायचा असेल, तर महाराष्ट्रात राहत्या घरासाठी नवरा-बायकोत मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण ती नवरा-बायको असेपर्यंत. घटस्फोटानंतर ही सवलत गृहीत धरू नका. घर भाड्याने देऊन दोघांनी दुसरीकडे राहायचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच करा. विकायचं असेल तर आजच दलालाला सांगा, ग्राहक मिळायला वेळ लागतो. कुठलाही मार्ग घ्या, त्याला तारीख असू दे. तारीख नसलेलं एकत्र राहणं हेच तुम्हा दोघांना सगळ्यात जास्त पोखरतंय.

तुझ्या पत्रात मारहाण नाही, धमकी नाही, याने मला हायसं वाटलं. पण हे सदर वाचणाऱ्या एखादीच्या घरात ती असेल, म्हणून दोन ओळी. घर कुणाच्याही नावावर असो, लग्नाच्या घरात राहायचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला दिलेला आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जिथे भीती आहे तिथे या पत्रातला बाकीचा सल्ला लागू नाही. तिथे आधी मदत मागायची.

आता सासूबाई. दिवाळीत तुम्ही त्यांच्यासाठी नाटक केलंत आणि त्यातच तू फसलीस. मला त्या रात्रीचं फार वाईट वाटलं. लक्ष्मीपूजनाला दोघं शेजारी बसलात, आईसमोर हसलात, ते हसणं खोटं नव्हतं, म्हणूनच उशी परत गेल्यावर इतकं लागलं. पाडव्याला ते पुन्हा करू नका. गुढी एकत्र उभारायची, साखरेची गाठी बांधायची, आईने “यंदा तरी गोड बातमी द्या” म्हणायचं आणि तुम्ही मान खाली घालायची, हे कुणासाठी? त्या माउलीलाही ते अन्यायाचं आहे. उद्या कळेल तेव्हा तिला वाटेल, की आपल्याला पाहुणीसारखं वागवलं.

आईला सांगायचं काम त्याचं आहे. तुझं नाही. सून म्हणून तू ते अंगावर घेऊ नकोस. त्याला फक्त सांग, की पाडव्याआधी आईंना कळलं पाहिजे, निदान एवढं तरी, की आमचं सध्या ठीक नाही आणि आम्ही विचार करतोय. त्याने नाही सांगितलं तर पाडव्याला तू चिपळूणला जा. बाबांची तब्येतही बघून होईल. तुझ्या आई-बाबांना मात्र तू सांग, आणि लवकर सांग. बापाला हॉस्पिटलातून तू एकटीने बाहेर काढलंस, तो बाप हे ऐकायला खंबीर असेल.

महिना संपला की बोलायचं. आणि घरात बोलू नका. तिथे ओटा आहे, बशी आहे, हप्त्याचं पत्र आहे, दोन खोल्यांची दोन दारं आहेत. पाडव्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी उपवनला भेटा, तलावाच्या काठाने चालत बोला. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी थोड्या सोप्या होतात.

तो हवा आहे असं तुला कळलं असेल तर तसं सांग. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच रात्री उशी बेडरूममध्ये आणू नका. आधी समुपदेशकाची वेळ घ्या, दोघांच्या वह्यांतले जुने हिशेब तिथे उघडा. तो ‘नाही’ म्हणाला तर त्याच चालण्यात फ्लॅटची तारीख ठरवा आणि तू ऐरोलीचा मुक्काम वाढव. आणि तुलाच तो नको आहे असं कळलं असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांग. त्यालाही बशी झाकत राहण्यातून मोकळं व्हायचा हक्क आहे.

पण तिन्हींतलं काहीही असलं तरी सुरुवात चिपळूणपासून कर. त्याला म्हण, “बाबा आत होते तेव्हा मला तू यायला हवा होतास. मी ये म्हणाले नाही.” एवढं बोल आणि थांब. मग तो काय म्हणतो ते ऐक.